बोटांचं वळण

नवी सून घरात आली, की पहिले आठ दिवस तिला सगळ्यात जास्त छळतं ते मीठ! सासू प्रेमळ असते, नणंद हौशी असते, स्वयंपाकघर चांगलं उजेडाचं असतं. पण मिठाची बरणी माहेरी असायची तिथे नसते. आमटीला उकळी फुटलेली असते, हात सवयीनं ओट्याच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो आणि रिकामा परत येतो. बरणी असते पार खाली, खिडकीजवळच्या कोनाड्यात. तिथे का? तर आजेसासूबाई चुलीपुढे बसून स्वयंपाक करायच्या आणि पाटावरून न उठता त्यांचा हात तिथवर पोहोचायचा म्हणून. पुढे चूल गेली, आजेसासूबाई गेल्या, उभ्यानं काम करायचा ओटा आला. बरणी मात्र कोनाड्यातच राहिली. दिवसातून दहा वेळा वाकणाऱ्या सुनेच्या कंबरेला विचारा, तिला या इतिहासाचं किती कौतुक आहे ते.

कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर अशा कोनाड्यातल्या बरण्या पुष्कळ आहेत. आपल्यातल्या बहुतेकांचा कॉम्प्युटरशी संबंध चित्रांपुरता असतो. चित्रावर टिचकी मारली की काम होतं. पण इंटरनेटचा पसारा ज्या यंत्रांवर उभा आहे, त्यांची देखभाल करणारी माणसं आजही काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून त्या यंत्रांशी बोलतात. ही यंत्रं युनिक्सवर किंवा त्याच वळणानं पुढे तयार झालेल्या लिनक्सवर चालतात आणि माणसाची ओळ वाचून ती यंत्राला समजावणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणतात शेल. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं, यंत्र मुकाट्यानं तसं करतं.

हुकूम कधी एका शब्दाचा असतो, कधी सव्वाशे अक्षरांचा. त्या सव्वाशे अक्षरांत अगदी सुरुवातीचंच एखादं चुकलं तर? माउसनं टिचकी मारून तिथे जाण्याची सोय सहसा नसते. तिथे बोटांची एक निराळी भाषा आहे. कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि सोबत एक अक्षर दाबायचं. कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जा. कंट्रोल-ई म्हणजे शेवटाला जा. कंट्रोल-डब्ल्यू मागचा शब्द पुसतं, कंट्रोल-यू मागचं सगळंच पुसतं आणि कंट्रोल-आर आधी दिलेल्या हुकमांच्या ढिगातून हवा तो शोधून काढतं. ज्याची बोटं या भाषेत तरबेज झाली, त्याला काम करताना पाहणं हा एक सोहळा असतो. डोळे पडद्यावर, बोटं आपली आपण चाललेली. पोळ्या लाटणाऱ्या सराईत बाईचं लक्ष कधी लाटण्याकडे असतं का?

पुण्यात अशाच कामावर असलेली एक मुलगी. मुलगी म्हणायचं ते सवयीनं. वय चौतीस, पदरात पहिलीतला मुलगा. माहेर सांगलीचं. आई जिल्हा परिषदेत टंकलेखिका होती, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास झालेली. दहा बोटांनी टाइप करायला लेकीला आईनंच शिकवलं, सुट्टीत, टाइपरायटरवर, बटणांवर रुमाल टाकून. पुढे लेक इंजिनियर झाली आणि दुसऱ्यांचे सर्व्हर राखण्याच्या कामाला लागली. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी, अशी बारा वर्षं.

दुखायला लागली ती डावी करंगळी. आधी नुसती रग लागल्यासारखं व्हायचं. मग मनगटाच्या बाहेरच्या कडेपर्यंत कळ जायला लागली. कणीक तिंबताना जाणवायचं, मुलाचं दप्तर उचलताना जाणवायचं. एकदा कुकरचं झाकण फिरवताना डोळ्यांत पाणीच आलं. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, व्यायाम दिले आणि हाताला विश्रांती द्यायला सांगितली. आता विश्रांती ही गोष्ट डॉक्टरांनी लिहून दिली म्हणून दुकानात थोडीच मिळते! पगारवाढीचे दिवस जवळ आले होते. हात दुखतो असं ऑफिसात बोलायचं म्हणजे आपणहून यादीतून नाव खोडून घेण्यासारखं, असं तिला वाटायचं. तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. पट्टा ती ऑफिसच्या दारात काढून पर्समध्ये ठेवायची.

सांगितलं ते शेवटी आईला, फोनवर.

"अगं, आमच्या मशिनला तर शिफ्ट दाबली की अख्खी कॅरेज उचलायला लागायची करंगळीनं," आई म्हणाली. "पण तेव्हा मेकॅनिक यायचा ना. तेलपाणी करायचा. बटणं जड लागतात म्हटलं की हलकी करून द्यायचा. तुमच्याकडे कोण येतो?"

"आमच्याकडे असं कुणी नसतं गं आई."

दोष आपलाच आहे, आपण वेडंवाकडं टाइप करतो, अशी तिची पक्की समजूत झालेली होती. ते एका अर्थी खरंही होतं. कंट्रोल कीबोर्डच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात. करंगळी तिथवर वाकवायची, तशीच दाबून ठेवायची, आणि वर ए दाबायचं. ए-ही पुन्हा टायपिंगच्या नियमानं डाव्या करंगळीचंच अक्षर! ई, डब्ल्यू आणि आर हीसुद्धा डाव्याच हाताकडची. म्हणजे ओळीच्या दुरुस्तीचं बरंचसं ओझं एका हातावर आणि त्यातही सगळ्यात अशक्त बोटावर.

मग ती रात्र आली. अडीच वाजले होते. एका ग्राहकाच्या सर्व्हरची डिस्क भरत चालली होती आणि जागा मोकळी करणं निकडीचं होतं. या कामासाठी एक सामायिक खातं होतं, जी पाळी असेल तिनं ते वापरायचं. लांबलचक हुकूम टाइप झाला, सुरुवातीची एक चूक दिसली, सवयीनं करंगळी कंट्रोलवर गेली आणि ए दाबलं. ओळीच्या सुरुवातीला जाणं राहिलं बाजूला, ओळीतच एक चमत्कारिक खूण उमटली. पुन्हा दाबलं, दुसरी खूण. घाबरून एस्केप दाबलं, तर पुढची अक्षरं उमटेचनात. काही दाबलं तर असलेली पुसली जायला लागली. बाहेर पडून पुन्हा आत आली, तरी तेच. फाइली पुसून टाकण्याचा हुकूम हातात असताना बोटं आपली राहू नयेत, यासारखी भीती नाही. अखेर तिनं सगळं बाजूला सारलं आणि एकेक अक्षर बघत, चुकलं की बॅकस्पेसनं पुसत, हुकूम तीनदा वाचून मग एंटर दाबलं. काम झालं. हात मात्र पहाटेपर्यंत थरथरत होता.

सकाळी विभागातले सगळ्यात ज्येष्ठ सहकारी आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सगळे त्यांना काकाच म्हणतात. १९९०च्या दशकात बँकांच्या शाखांतून युनिक्सची यंत्रं बसली, तेव्हापासून ते या धंद्यात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, त्या खात्यातली एक छोटी फाइल उघडली आणि हसले. फाइलीत एकच ओळ होती. दुपारच्या पाळीतल्या एका हौशी मुलानं स्वतःच्या सोयीसाठी घातलेली. त्या एका ओळीनं सगळ्या बटणांचे अर्थ बदलले होते.

मुलाला काय बोलायचं ते काका नंतर बोलले. पण तिच्या डोक्यात निराळंच चक्र फिरायला लागलं होतं.

"काका, म्हणजे हे बदलता येतं?"

"बदलता येतं म्हणजे? अगं बाई, बदलण्यासाठीच तर ठेवलंय ते!"

बारा वर्षं या कामात मुरलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नसावी, याचं वाचकांना नवल वाटेल. पण यात तिचा एकटीचा दोष नाही. कॉम्प्युटरच्या वर्गात हुकूम शिकवतात, त्यांचे अर्थ शिकवतात, परीक्षाही त्यांचीच घेतात. ती ओळ लिहिताना हात कसा ठेवायचा आणि जे जुळत नसेल ते कसं बदलायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमाला महत्त्वाचं वाटत नाही. समोर जे आहे ते कुणीतरी विचार करूनच ठेवलं असणार, असं आपण गृहीत धरतो. विचार केलेला असतोही. फक्त तो आपल्या हाताचा नसतो.

युनिक्स जन्माला आलं १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही त्यातली मुख्य नावं. त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यापुढे बरेचदा पडदा नसायचाच. असायचं टेलिटाइप, म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर खटखट छापणारं यंत्र. टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, तीही सगळी मोठ्या लिपीतली. आता कागदावर छापलेलं अक्षर पुसणार कसं? तर पुसायचंच नाही. अक्षर चुकलं की पुढे # टाइप करायचं. यंत्रानं समजायचं, की आधीचं एक अक्षर रद्द. सगळी ओळच फसली तर @ टाइप करायचं. कागदावर चूकही दिसायची, # ही दिसायचं आणि पुढचं बरोबर अक्षरही. पाटीवर पुसण्याऐवजी वहीत काट मारण्यासारखं. आज ईमेलच्या पत्त्यात मानानं बसलेलं @ एके काळी ओळ बाद करण्याच्या कामाचं होतं!

त्याच यंत्राची आणखी एक आठवण आजच्या पडद्यांवर जिवंत आहे. टेलिटाइपला भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचण्याचं साधन जोडलेलं असे आणि ते चालू करायला एक खूण, थांबवायला दुसरी. थांबवण्याची खूण कंट्रोल-एसनं जायची, चालू करण्याची कंट्रोल-क्यूनं. पट्ट्या कधीच भंगारात गेल्या. पण आज एखादा नवशिका, पत्रं लिहिण्याच्या प्रोग्रॅममधल्या सवयीनं, सेव्ह करायला म्हणून काळ्या पडद्यावर कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा गोठतो. काही टाइप केलं तरी उमटत नाही. बिचाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर बिघडला. कितीजणांनी या भीतीनं चालू काम बंद करून टाकलं असेल, देव जाणे. खरं तर कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पूर्ववत होतं.

पुढे पडद्याची यंत्रं आली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्यानं १९७६च्या सुमारास मजकूर लिहिण्याचा एक प्रोग्रॅम करायला घेतला. तो व्हीआय नावानं प्रसिद्ध झाला. बिल जॉय जे यंत्र वापरायचा त्याचं नाव एडीएम-३ए. त्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणंच नव्हती; एच, जे, के, एल या चार अक्षरांवर बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये आजही इकडेतिकडे सरकायचं ते याच चार अक्षरांनी. त्याच कीबोर्डवर होम हा शब्द आणि ~ ही खूण एकाच बटणावर होती, म्हणून युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरची खूण आजही ~ आहे. आणि करंगळीच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे त्या कीबोर्डवर कंट्रोल होतं ए-च्या लगेच डावीकडे. करंगळी वाकवायचं कारणच नव्हतं.

कंट्रोल-ए, कंट्रोल-ई ही मंडळी आली दुसऱ्या घराण्यातून. १९७६ सालीच एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ईमॅक्स नावाचा प्रोग्रॅम आकाराला आणला. ही बोटांची भाषा मूळ त्याची. त्या प्रयोगशाळेत पुढे तयार झालेल्या लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवर कंट्रोल होतं स्पेस बारच्या शेजारी. म्हणजे ते दाबायचं काम अंगठ्याचं, हातातल्या सगळ्यात दणकट बोटाचं!

मग हे बटण कोपऱ्यात कसं गेलं? आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीवरही ते ए-च्या डावीकडेच होतं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्याच कंपनीनं १०१ बटणांचा नवा कीबोर्ड काढला, त्यात ए-शेजारची ती मोक्याची जागा कॅप्स लॉकला मिळाली आणि कंट्रोल खाली कोपऱ्यात उतरलं. जगानं पुढे तोच कीबोर्ड उचलला. टाइपरायटरवरही शिफ्ट अडकवून ठेवायचं लॉकचं बटण असंच डाव्या बाजूला, करंगळीजवळ असायचं. हे लेकीनं आईला सांगितलं तेव्हा आई क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे आमची सोय झाली, ती तुला नडली म्हण की!"

जुन्या टायपिस्ट मंडळींची बोटं किती हट्टी असतात, हे महाराष्ट्रानंही पाहिलेलं आहे. भारतीय भाषांसाठी १९८६ साली इनस्क्रिप्ट नावाची नवी मांडणी ठरली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी सुटसुटीत. शास्त्र तिच्या बाजूचं होतं. पण ज्यांची उमेद मराठी रेमिंग्टनवर खर्च झाली होती, त्यांची बोटं काही वळेनात. शेवटी मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांना जुनी रेमिंग्टन मांडणीही ठेवावी लागली. ते योग्यच झालं. चाळिशी ओलांडलेल्या कारकुनाला तुझे हात चुकीचे आहेत म्हणून सांगणं, यात कसली आली प्रगती?

युनिक्सवाल्यांनी हे शहाणपण लवकर दाखवलं. बेल लॅबोरेटरीजच्याच डेव्हिड कॉर्ननं १९८३ साली लोकांपुढे ठेवलेल्या शेलमध्ये ईमॅक्स आणि व्हीआय अशी दोन्ही वळणं होती. ज्याला जे रुचेल ते त्यानं घ्यावं. १९८८ साली ब्रायन फॉक्सनं जीएनयू प्रकल्पासाठी बॅश नावाचा शेल लिहायला घेतला, तो १९८९ साली बाहेर आला. ओळ दुरुस्त करण्याचा त्याचा भाग पुढे रीडलाइन या नावानं वेगळा निघाला आणि दुसऱ्या कितीतरी प्रोग्रॅमना जोडला गेला. ओहायो राज्यातल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले चेट रेमी यांनी बॅश आणि रीडलाइन ही दोन्ही कामं दशकानुदशकं सांभाळली. रीडलाइनची खुबी अशी, की ती सुरू होताना आपल्या घरच्या फोल्डरमधली इनपुटआरसी नावाची एक लहानशी फाइल वाचते. कुठल्या बटणानं काय व्हावं, ते त्या फाइलीत एकेका ओळीनं लिहायचं. ओळ लिहिली की बॅशचं वळण बदलतं, आणि रीडलाइन वापरणाऱ्या इतर प्रोग्रॅमचंही.

मॅक वापरणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. ॲपलनं २०१९पासून आपल्या यंत्रांवर बॅशऐवजी झेडशेल द्यायला सुरुवात केली. पॉल फॉल्स्टॅड या विद्यार्थ्यानं १९९० साली प्रिन्स्टनमध्ये लिहिलेला हा शेल. त्याची फाइल निराळी आणि लिहायची पद्धतही निराळी, पण तत्त्व तेच.

तर काकांनी तिला कागद घ्यायला लावला. आधी तीन दिवस काही बदलायचं नाही. कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं आणि कुठल्या वेळी हात दुखतो, तेवढंच लिहायचं. हा सल्ला मोलाचा होता. इतरांच्या फाइली जशाच्या तशा उचलणारे पुष्कळ असतात. शंभर ओळींची फाइल आणतात आणि त्यातल्या चार वापरतात.

पहिला बदल शेलमधला नव्हताच. तिच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला कंट्रोलचं काम दिलं. बरणी कोनाड्यातून ओट्यावर आली. दुसरा बदल, ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला जाण्यासाठी कंट्रोलबरोबर ऑल्टचीही सोय. ऑल्ट स्पेस बारच्या शेजारी, म्हणजे काम पुन्हा अंगठ्याकडे. यासाठी फाइलीत दोन ओळी पुरल्या. तिसरा तिला सगळ्यात आवडला. वरच्या बाणानं आधीचे हुकूम एकामागून एक परत येतात. एका ओळीनं त्याचं वागणं असं झालं, की हुकमाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून बाण दाबला तर त्या अक्षरांनी सुरू होणारेच हुकूम येतात. चाळीस वेळा दाबायचा बाण दोनदा दाबून भागायला लागला. टॅब दाबून फाइलीचं नाव पुरं करताना लहान-मोठ्या लिपीचा भेद मानू नये, यासाठी आणखी एक ओळ. म्हणजे शिफ्टही वाचलं.

एका बटणानं मात्र तिची अख्खी संध्याकाळ खाल्ली. कंट्रोल-डब्ल्यू मागच्या मोकळ्या जागेपर्यंतचं सगळं पुसतं; फाइलीचा लांबलचक पत्ता असेल तर तो सबंध जातो. तिला एका तिरक्या रेघेपर्यंतचाच तुकडा पुसायला हवा होता. तिनं ओळ लिहिली, फाइल पुन्हा वाचायला लावली, काही झालं नाही. पुन्हा लिहिली, तरी काही नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी गुपित सांगितलं: त्या बटणावर दोघांचा हक्क आहे. शेलच्याही खाली, खुद्द टर्मिनलकडे पुसण्याच्या बटणांची स्वतःची यादी असते, टेलिटाइपच्या काळापासून चालत आलेली, आणि रीडलाइन तिचा मान राखते. तो मान राखू नकोस असं आधी एका ओळीत सांगावं लागतं. मग आपली ओळ चालते. थोरल्या जाऊबाईंना विचारल्याशिवाय धाकटीनं परस्पर काही बदललं तर काय होतं, ते तिला घरूनच ठाऊक होतं.

पहिले पंधरा दिवस हाल झाले, हे सांगायला हवं. बोटं जुन्या जागी जायची. कामाचा वेग निम्म्यावर आला. कंट्रोलची नवी जागा अंगवळणी पडली न पडली, तोच शेजारच्याच्या कॉम्प्युटरवर बसून तिनं आपल्या सवयीनं कॅप्स लॉक दाबलं आणि पासवर्ड तीनदा चुकवला. खातं बंद पडलं. घरी मुलाच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरवर सगळं मोठ्या लिपीत उमटायला लागलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तू ओरडतेस का?"

दुसरी अडचण जास्त खोल आहे. तिचं काम परक्या सर्व्हरवर. तिथे पोहोचलं की चालतो तो तिथला शेल, आणि तो वाचतो तिथली फाइल. घरची फाइल सोबत येत नाही. कॅप्स लॉकचा बदल बरोबर राहतो, कारण तो तिच्या हाताखालच्या कीबोर्डचा. ऑल्टच्या ओळी राहत नाहीत. आणि ग्राहकाच्या यंत्रावर आपल्या ओळी घालायच्या नाहीत, यावर काका ठाम. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो तर मीठ मागून घ्यायचं, बरण्या हलवायच्या नाहीत. शिवाय फाइली पुसण्याचा हुकूम हाताशी असताना बोटं गोंधळली तर काय होतं, हे तिनं त्या रात्री अनुभवलंच होतं. म्हणून मूळची बटणंही ती विसरलेली नाही. बरेच दिवस तिच्या बोटांना दोन भाषा बोलाव्या लागल्या. माहेरी एक, सासरी एक.

सामायिक खात्यातली ती ओळ काढून टाकली गेली. एवढंच नव्हे, तर प्रत्येकाला स्वतंत्र खातं मिळालं. तो मुलगा आपल्या खात्यात आपल्या व्हीआयच्या वळणानं सुखानं काम करतो. हे आधीच व्हायला हवं होतं, अडीच वाजताच्या गोंधळाची वाट बघायची गरज नव्हती.

आणि हात? ईमॅक्सचे जनक स्टॉलमन यांचे स्वतःचे हात १९९०च्या दशकाच्या मध्यावर इतके दुखायला लागले होते, की दिवसाचा बराच वेळ ते एकाच बोटानं टाइप करायचे आणि काही वेळ त्यांच्यासाठी पगारी टायपिस्ट ठेवावे लागले. काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की दोष कीबोर्डच्या कडक बटणांचा आहे. हलक्या बटणांचा कीबोर्ड घेतल्यावर त्रास बराचसा गेला. काकांनी ही हकीकत सांगितली, तेव्हा तिला आईचा मेकॅनिक आठवला. तिनंही हलक्या बटणांचा कीबोर्ड आणला, स्वतःच्या पैशानं. बिल ऑफिसला द्यायचं की नाही, यावर नवराबायकोत दोन दिवस वाद झाला. शेवटी तिनं ते दिलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली. पैसे मिळाले. पट्टा आता पर्समध्ये जात नाही, लागेल तेव्हा टेबलावरच बांधला जातो. बटणं बदलली म्हणजे डॉक्टरांची गरज संपली, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. थंडीत करंगळी अजून कुरकुरते, व्यायाम चुकवले की कळ मनगटापर्यंत जाते. पण कणीक तीच तिंबते.

तिच्या फाइलीत आज सतरा ओळी आहेत. त्यातल्या नऊ यंत्रासाठी, उरलेल्या आठ # या खुणेनं सुरू होतात. एके काळी चुकलेलं अक्षर रद्द करणारी ही खूण. या फाइलीत मात्र जी ओळ तिनं सुरू होते ती यंत्र वाचत नाही, ती माणसानं माणसासाठी लिहिलेली टीप असते. तिच्या टिपा मराठीत आहेत. ऑल्टच्या दोन ओळींवर लिहिलंय, "करंगळीसाठी". कंट्रोल-डब्ल्यूच्या वर, "काकांना विचारल्याशिवाय हात लावू नये". आणि सगळ्यात खाली, गेल्या महिन्याची तारीख घालून, "डाव्या हातावर अजून भार आहे, आर उजवीकडे नेऊन बघायचं".